बाईंचे सेहेचाळीस

बाई स्टुलावर चढल्या की आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी गप्प व्हायचं. पदर कमरेला खोचलेला, हातात काचेची बारीक नळी, खाली टेबलावर बर्फाच्या पाण्यातून नुकतीच काढलेली ओली काच. बाई हात छताकडे उंच न्यायच्या आणि तिथून एक थेंब सोडायच्या. थेंब काचेवर पडला रे पडला की खाली उतरून, वाकून त्यावर एक हलकी फुंकर. "चहावर मारतो तशी," त्या शिकवायच्या. "दिवा विझवतो तशी नव्हे."

तुम्हाला वाटेल, ही काय जादू. कारण अगदी साधं होतं. त्या थेंबात माणसाच्या पेशी असायच्या. उंचावरून आपटल्या की त्या फुटायच्या आणि त्यांच्या पोटातली गुणसूत्रं काचेवर पसरायची, जमिनीवर सांडलेल्या शेवयांच्या तुकड्यांसारखी. थेंब खालून सोडला तर शेवयांचा गुंता, फार वरून सोडला तर निम्म्या शेवया बेपत्ता. बाईंचा थेंब कधी चुकला नाही. माझा पहिला थेंब बाईंच्या चपलेवर पडला. त्यांनी चपलेकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आता फुंकर मार."

माझी नात परवा मला विचारत होती, आजी, तू म्हणे जेनेटिक्समध्ये होतीस? म्हटलं, होते तर, कात्री घेऊन.

ती कात्रीची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाचा कारखाना आणि खोक्यांचा कारखाना यांच्या मधल्या एका गाळ्यात कुणा दानशूर मंडळींनी ही छोटी प्रयोगशाळा काढून दिली होती. खाडीपलीकडच्या रुग्णालयांतून बर्फाच्या थर्मासमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे नमुने यायचे. बहुतेक नमुने मगजाचे, म्हणजे हाडाच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथले. आम्ही त्यातली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांचे फोटो काढायचो. बाहेरून ट्रक गेला की टेबल थरथरायचं आणि फोटो हलायचा, म्हणून दोन ट्रकांच्या मधल्या शांततेत बटण दाबायचं. बाई एक बोट वर करून थांबायच्या. "जाऊ दे त्याला. त्याला घाई आहे, आपल्याला नाही."

फोटो धुणारे आमचे मामा. ते कुणाचेच मामा नव्हते. अंधाऱ्या खोलीत फोटो आणि उजेडात चहा, अशी त्यांची दोन खाती. मामांनी मोठे करून दिलेले फोटो मी कात्रीने कापायची. एका पेशीत सेहेचाळीस क्रोमोसोम (आम्ही क्रोमोसोमच म्हणायचो, गुणसूत्र म्हणायला वेळ कुणाला). प्रत्येक कापून वेगळा करायचा, मग अंगावरचे काळेपांढरे पट्टे जुळवून, उंची बघून जोडीजोडीने कार्डावर डिंकाने चिकटवायचा. सगळ्यात मोठ्यांची जोडी पहिली, मग दुसरी, अशा बावीस, आणि शेवटी बाईपुरुष ठरवणारी जोडी. शाळेच्या फोटोत मुलं उंचीप्रमाणे उभी करतात तसं. कुणाचा हात तुटलेला आहे, कुणी दुसऱ्याचा हात लावून आलंय, कुणी आलंच नाहीये, ते मग दिसतं.

मी पावणे गावची. आमची शेतं आणि मिठागरं गेली नि तिथे कारखाने आले, आणि गावातली पहिली बी. एस्सी. झालेली मुलगी म्हणजे मी. त्या पदवीने माझं डोकं इतकं वर गेलं होतं की बसमध्ये वाकून चढावं लागत असे. पहिल्याच दिवशी मी स्वतः शिवून घेतलेला पांढरा कोट घालून गेले, खिशावर माझं नाव रेशमाने भरलेलं. बाईंनी ते नाव नीट वाचलं. "छान आहे," म्हणाल्या, "पण इथे कुणाचंच नाव लावत नाहीत. आलेल्या नमुन्यांचंसुद्धा नाही."

तो त्यांचा नियम होता. काचेवर फक्त नंबर. नाव कळलं की डोळा मोजायचा थांबतो आणि रडायला लागतो, असं त्यांचं म्हणणं.

घरी आईला वाटलं होतं, पोरगी डॉक्टरसारखी काहीतरी झाली. मी काय करते ते सांगितल्यावर ती भाकरी थापता थापता थांबली. "आगो बाय, एवरं शिकून कागुद कापाचा काम? कापाचाच व्हता तं शिवनकाम शिकाचा व्हता." मला इतका राग आला की मी रात्री जेवले नाही. सकाळी दोघांचं जेवले.

एकदा मला शिंक आली आणि कुणा एका रोग्याचे सगळे क्रोमोसोम खोलीभर उडाले. मी, बाई आणि मामा गुडघ्यांवर रांगत शोधत होतो. एकविसाव्यापैकी एक काही केल्या सापडेना. तो माझ्या वेणीत निघाला. बाईंनी चिमट्याने काढला आणि म्हणाल्या, "हा हरवला असता तर त्या माणसाला तू एक नवा रोग लावला असतास."

बाई मराठवाड्यातल्या. वडील कापूस वेचणीला जायचे, बाई शिष्यवृत्तीवर शिकत मुंबईला आल्या आणि आता म्हाताऱ्या आईबरोबर वाशीला दोन खोल्यांत राहायच्या. वय चाळीसच्या थोडं पुढे. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणायच्या, जणू दळण आणायचं राहून गेलं. एरवी बोलणं शहरी. चिडल्या की मात्र गाव बाहेर यायचं. "काय करायलीस? कामून घाई?" हे ऐकलं की मी कात्री खाली ठेवायची.

ज्या आजारावर आमचं पोट होतं, त्याचं नाव अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. मला वाटायचं आजार म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतं. बाईंनी तो समज मोडला. बाहेरून कुणी येत नाही म्हणाल्या. मगजातल्या एखाद्या पेशीत क्रोमोसोमचा तुकडा तुटतो आणि भलत्याच जागी जोडला जातो. ती पेशी मोठी व्हायचं विसरते, फक्त वाढत राहते. तिच्या लेकी तिच्यासारख्याच. घर आपलं, माणूस आपला आणि तोच फितूर.

आणि औषधाने बरं वाटल्यावर तो आजार परत येतो तेव्हा पहिल्यासारखा का नसतो, हेही त्यांनी कापसावरून सांगितलं होतं. फवारणी केली की बोंडावरच्या अळ्या मरतात, एखादी राहते. ती का राहिली? तिच्यात काहीतरी निराळं होतं म्हणून. मग पुढच्या साऱ्या अळ्या तिच्या वंशाच्या. त्याच फवाऱ्याला त्या हसतात. "परत आलेल्या आजाराचं कार्ड बघ," बाई म्हणायच्या. "आधीचा मोड असतोच, वर आणखी एकदोन झालेले असतात. त्याचाही अभ्यास चालू असतो."

नव्या मुलीने आधी निरोगी माणसाचे क्रोमोसोम कापायला शिकायचं अशी आमच्याकडे रीत होती, आणि निरोगी म्हणून बाई स्वतःचंच रक्त द्यायच्या. राजमा भिजवून, वाटून, गाळून त्याचा अर्क काढायचा आणि त्यावर रक्तातल्या पेशी वाढवायच्या, हे त्या स्वतः करत. विकतचा अर्क परवडत नसे. त्या अर्कावर वाढलेल्या रक्ताचे क्रोमोसोम लांबसडक यायचे, पट्टे अगदी इरकली साडीच्या काठासारखे. मगजाचे तसे नसतात. ते बुटके, जाड, फुगलेले, जणू पावसात भिजलेल्या बिड्या. ते कापताना डोळे फुटायचे.

तेव्हा मी कापायला शिकले ती बाईंवरच. महिनाभर बाईच कापल्या. त्यामुळे मला त्यांच्या दोन खोडी पाठ झाल्या होत्या. पहिल्या जोडीतला एक दुसऱ्यापेक्षा कमरेखाली लांब, आणि पंधराव्यातल्या एकाच्या डोक्यावर भलामोठा गोंडा. दोन्ही निरुपद्रवी. अशा खोडी जन्मापासून असतात आणि कुणाच्या तरी असतातच. "लांब कंबर आईकडून," बाई सांगायच्या, "गोंडा बापाचा असणार. फेट्याची हौस होती."

अशी दोन वर्षं गेली असतील. मग एका उन्हाळ्यात बाईंच्या दंडावर मला निळे डाग दिसले. विचारलं तर म्हणाल्या बसच्या दाराला आपटले. स्टुलावर चढताना त्या मध्येच थांबून भिंतीला हात लावायला लागल्या. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, म्हाताऱ्या झाल्या, आता स्टुलावर चढायची पाळी माझी. मी मनातल्या मनात पदरसुद्धा खोचून बघितला.

बाई चार दिवस रजेवर गेल्या, परत आल्या, आणि दोनतीन दिवसांनी नेहमीसारखा फोटोंचा एक गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. मगजाचा नमुना, वर नंबर. मी कापायला बसले. आठव्याचा एक तुकडा एकविसाव्यावर जाऊन बसलेला आणि एकविसाव्याचा आठव्यावर. ही अदलाबदल आम्ही आधी पाहिली होती, या आजारात ती होते. मी जोड्या लावत गेले आणि पहिल्या जोडीशी थबकले. एकाची कंबर लांब. मग हात आपोआप पंधराव्याकडे गेला. गोंडा.

हसू नका, पण त्या क्षणी मला भीती नाही वाटली. मला आनंद झाला. दोन वर्षांत बाईंची एकही चूक सापडली नव्हती आणि आज ती माझ्या चिमट्यात होती. बाईंनी स्वतःच्या रक्ताची काच रोग्याच्या काचेत मिसळली होती. मी चहाची वेळ होईपर्यंत कळ काढली, कारण मला मामा समोर हवे होते. मामांनी कप ठेवले. मी घसा खाकरला आणि जाहीर केलं, की इथे काही अनुभवी माणसांकडून नमुन्यांची सरमिसळ झाली आहे, पण काळजी नको, ज्युनिअरच्या नजरेतून ती सुटलेली नाही.

बाईंनी कार्ड हातात घेतलं. बघत राहिल्या.

"सरमिसळ नाही," त्या म्हणाल्या. "एकच आहे."

मी तरीही थांबले नाही. काय ते माझं डोकं. मी त्यांना समजावून सांगायला लागले, की बाई, असं कसं, हा गोंडा तुमचा, पण आठवा तर तुटलेला आहे, तुमचा आठवा चांगला आहे, मी तो महिनाभर कापलाय, तेव्हा या दोन वेगवेगळ्या... आणि वाक्याच्या मध्येच माझं मलाच ऐकू आलं. मामांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली. त्यांना आधीच माहीत होतं.

मी त्या दिवशी बाईंशी भांडले. आजारी माणसाशी असं भांडू नये हे कळण्याइतकी मी शहाणी नव्हते. मला न सांगता माझ्याकडून कापून घेतलं, माझ्या हातून, मी गाणं गुणगुणत कापत होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, माझे डोळे माझ्याशी खोटं बोलले असते. दुसरा चांगला हात कुणाचा होता सांग. ही शाबासकी होती, आणि ती अशा वेळी मिळाल्याचा मला आणखी राग आला.

"पुढच्या वेळी आधी सांगाल?" मी विचारलं.

"सांगेन."

"आईची शपथ?"

"शपथ कशाला? सांगेन म्हटलं ना पोरी."

मग खाडीपलीकडचं मोठं रुग्णालय. आठवडाभर सलाइनमधून एक औषध, त्यात सुरुवातीचे काही दिवस दुसरंही एक, सरबतासारखं लाल. मी रविवारी भेटायला जायची. बाईंचे केस गेले, तोंड आतून सोललं, तरी शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्या मगज म्हणजे काय ते समजावून सांगत बसलेल्या. "माझी विद्यार्थिनी," माझी ओळख करून द्यायच्या. "हिने मला पकडलं." शेजारीण माझ्याकडे पोलिसाकडे बघावं तसं बघायची.

पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा मगज काढला. या वेळी बाईंनी आधी सांगितलं, की माझा आहे. मी कापला. तेच बुटके, भिजलेल्या बिड्यांसारखे क्रोमोसोम, पण आठवा शाबूत, एकविसावा शाबूत. डॉक्टर याला बरं झालं म्हणत नाहीत, रेमिशन म्हणतात. अर्थ असा, की शत्रू दिसत नाही. नाही असं नव्हे, दिसत नाही. हे आम्हा दोघींइतकं त्या गाळ्यात कुणाला ठाऊक नव्हतं, तरी मी तुर्भे नाक्यावरून पेढे आणले. बाई डोक्याला फुलांच्या छापाचा रुमाल बांधून कामावर यायला लागल्या. स्टुलावर मात्र आता मी चढायची आणि त्या खालून म्हणायच्या, "चपला काढून ठेवते, थांब."

हिवाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा नावड्याचा, तळोज्याला कारखान्यात नोकरीला. मी हळदीच्या आणि साड्यांच्या गोष्टी बोलून बाईंचं डोकं उठवत होते. लग्नाला आठवडा राहिला असताना बाईंनी फोटोंचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

"आधी सांगते," म्हणाल्या. "माझा आहे. परवा काढला."

मी आधी कात्री पुसली, मग टेबल पुसलं. मग फोटो बघितले आणि भीती गेली. काय सुंदर क्रोमोसोम होते. लांब, सडसडीत, एकमेकांना न शिवता पसरलेले, प्रत्येक पट्टा मोजून घ्यावा असा. मी भराभर कापले. कंबर, गोंडा, सगळं जागच्या जागी. आठवा चांगला. एकविसावा चांगला. एकूण एक चांगले. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी मामांना म्हटलं, बघा, आता मगजाचेसुद्धा कसे येतात, थेंब कुणी टाकला होता? मामा चहाच्या पातेल्यात बघत होते.

कार्ड मी बाईंसमोर असं धरलं, जसं काही ते मीच विणलं होतं. बाई कार्डाकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. बराच वेळ.

"छान हसतेस," म्हणाल्या.

बाई पावण्याला लग्नाला आल्या, फुलांचा रुमाल बांधून. आमच्यात हळदीच्या रात्री म्हाताऱ्या बाया लग्नाची गाणी म्हणतात, ती त्यांनी मांडवात खाली बसून ऐकली. आई मला दर थोड्या वेळाने सांगायची, "तुजे बाईला कोलबी वार, काय खात नाय ती." मी जाऊन वाढायची आणि वाढता वाढता कानात सांगायची, तुमचं कार्ड मी जपून ठेवलंय, तोच माझा आहेर. मी त्या मांडवात इतकी नाचले की सासरच्या मंडळींनी आपापसात बघितलं. अजून ते मला त्यावरून टोमणे मारतात. मी काही लग्नासाठी तेवढी नाचत नव्हते, हे त्यांना अजून माहीत नाही.

रजा संपवून मी कामावर आले तर स्टूल भिंतीला लावून ठेवलेलं. बाई कुठे विचारलं. मामा म्हणाले, "परत दाखल केलंय. तुझ्या लग्नानंतर चारपाच दिवसांनी."

म्हटलं, शक्यच नाही. मी स्वतः कापलंय.

मामांनी कप विसळायला घेतले. मग म्हणाले, "ते निगेटिव्ह जुनं होतं. बाईंच्या रक्ताचं. त्या काचेवरच्या दुसऱ्या पेशींचं, तू कधी कापलं नव्हतंस त्यांचं. मला म्हणाल्या, एवढं करा. मी काय करणार, टेन्शन मला पण आलं होतं."

मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. लांब. सडसडीत. इरकलीचे काठ. मगजात असे क्रोमोसोम असतात होय? दोन वर्षं मी भिजलेल्या बिड्या कापल्या होत्या आणि समोर राजम्यावर वाढलेलं रक्त ठेवल्यावर मला वाटलं, माझा हात सुधारला. पहिल्या वेळी सरमिसळ नव्हती तेव्हा मी ती चहाच्या वेळी जाहीर केली. दुसऱ्या वेळी खरोखर केली होती, तेव्हा मी ती गळ्यात हारासारखी घालून नाचले.

खरी काच डब्यात होती. मी ती सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. ट्रक जात होते, जाऊ दिले. अंधूक, बुटके, गुंतलेले. आठवा तुटलेला, एकविसावा तुटलेला, म्हणजे तीच जुनी फितुरी. पण आता नवव्याचाही एक तुकडा गळालेला होता, आणि शेवटच्या जोडीत बाईच्या दोन एक्सपैकी एकच. बाईंच्या अळीने अभ्यास केला होता.

रुग्णालयाला बाईंनी खरं तेच कळवलं होतं. डॉक्टरांना खरं, आईला खरं, मामांना खरं. खोटं फक्त मला. हे मी बसमध्ये पूल ओलांडेपर्यंत मोजत होते.

वॉर्डात बाई उशीला टेकून बसल्या होत्या. हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून तोंडावर रुमाल. मी ते सुंदर कार्ड त्यांच्या पांघरुणावर टाकलं. दिलं नाही, टाकलं. बोलले काहीच नाही, कारण बोलले असते तर वॉर्ड जमा झाला असता.

"आधी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "माझेच होते ते."

"माझ्या लग्नासाठी केलंत? मला दया दाखवलीत?"

"तुझ्यासाठी कामून करीन?" त्या म्हणाल्या. रुमालाआडून त्यांचं बोलणं ओलं येत होतं. "मी खरी काच बघितली. डॉक्टरांना सांगितलं, आईला सांगितलं. सगळ्यांची तोंडं एकसारखी झाली. मला एक तोंड वेगळं पाहिजे होतं. माझे क्रोमोसोम बघून कुणीतरी एकदा हसावं, एवढंच."

मी उठून जाणार होते. त्यांनी माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं. हातात जोर नव्हता, नुसतं धरलं होतं.

"पण मी दोन दिवस वाट बघितली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, येईल आता कार्ड घेऊन. सगळ्यांसमोर भांडेल. मगजाचे एवढे लांब असतात का, विचारेल. दाराकडे बघत होते मी. कामून नाही दिसलं तुला?"

बघा म्हणजे. फसवलं यांनी आणि नापास मी. पकडलं तेव्हा ती चूक निघाली नाही, पकडलं नाही तेव्हा रुसल्या. तुम्हाला कुणी असं फसवलंय का, की फसवणाराच तुमच्याकडे वाट बघून थकल्यासारखा बघतोय? माझा राग कुठे ठेवायचा ते मला कळेना. मी पदर सोडवून घेतला आणि पिशवी उघडली. पिशवीत खऱ्या काचेचे फोटो होते. मामांनी निघताना दिलेले. कात्री आणि डिंकही मामांनीच घातलेला.

जेवणाचं ताट ठेवायचं ते चाकाचं टेबल मी ओढून घेतलं. बाईंनी वर पंख्याकडे बघितलं, तेवढ्यानेच मी जाऊन बटण बंद केलं. उन्हाळा सुरू झाला होता. आजूबाजूच्या खाटांवरून कुरकुर सुरू झाली, पंखा कुणी बंद केला, जीव घ्यायचाय का. बाई रुमालाआडून म्हणाल्या, "थोडा वेळ द्या. माझे उडून जातील."

मी कापत गेले, त्या जोड्या लावत गेल्या. बोट फोटोवर ठेवून नुसतं सांगायच्या, हा इथे, हा तिथे. माझा घाम कार्डावर पडू नये म्हणून मी चेहरा बाजूला धरून कापत होते, आणि ते सोयीचंच होतं. नववा त्यांनी स्वतः चिकटवला. शेवटच्या जोडीत एकच एक्स लावला आणि त्याच्या शेजारी मी डिंकाचं बोट तसंच धरून बसले, काहीतरी यायचं राहिल्यासारखं.

"पूस ते," बाई म्हणाल्या. "तिथे काही येणार नाही."

मी पुसलं. त्यांनी कार्ड हातभर लांब धरून बघितलं, आणि या वेळी बघताना मी हसले नाही. त्यांनीही तशी अपेक्षा केली नाही. म्हणाल्या, काम नीट झालंय. मग थोड्या वेळाने डोळे मिटूनच विचारलं, "राग गेला?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं. मग उद्या ये. उरलेला उद्या."

मी गेले. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून, बसमध्ये उभी राहून, बोलायची वाक्यं सगळी जुळवून गेले. ती फार चांगली वाक्यं होती, अजून माझ्याकडे आहेत. वॉर्डाच्या दारातून बघितलं तर खाट रिकामी, वर धुतलेली पांढरी चादर ताणून घातलेली, आणि त्या खाटेवरचा पंखा पूर्ण वेगात फिरत होता. तो बंद करा, असं कुणीच म्हणत नव्हतं.